डुमस रोडवरचं माहेर

बुधवार, २२ जानेवारी २०२५. सकाळी धुकं, नंतर ऊन. नळाला पाणी उशिरा आलं, तेही कमी दाबाने. दारातल्या कडुनिंबात संक्रांतीपासून अडकलेला मांजा काठीने काढला. त्यात एक साळुंकी गुंतली होती, ती सुटली. उषाबाई आल्या. रिक्षाने डुमस रोडला गेलो, बाहेर जेवलो. योगेंद्र आला. परत येताना पालला त्यांच्या बिल्डिंगवरून आलो. गुडघे दुखत आहेत.

रोजनिशीत मी एवढंच लिहिते. भुसावळच्या शाळेत सिस्टरांनी सवय लावली ती अशी, की जे घडलं ते लिहावं आणि वाटलं ते स्वतःजवळ ठेवावं. पण आजच्या दिवसाला तेवढ्या ओळी पुरणार नाहीत, म्हणून वेगळे कागद घेतले आहेत. हे उषाबाईंबद्दल आहे.

उषाबाई जातीने भोई. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर त्यांचं गाव. वडिलांची नाव होती, जाळं होतं, आणि घरात मासा नाही असा दिवस फक्त पुरात यायचा. लग्न झालं निंबाभाऊंशी आणि दोघं सुरतेला आले. निंबाभाऊ आधी उधन्याला लूमवर होते, पुढे पांडेसऱ्याला एका प्रोसेस हाऊसमध्ये रंगखात्यात लागले. आज कोणत्या रंगाचा माल निघाला ते त्यांच्या नखांवरून कळायचं. उधन्यालाच आमच्या घरामागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. उषाबाई साड्यांचं धागा कटिंग करायच्या, म्हणजे भरतकामाचे सुटे धागे कापायच्या. खोलीत साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत, आणि त्यांच्या मधोमध या मांडी घालून, हातात ती चिमुकली कात्री. त्यांचा मुलगा योगेंद्र माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला यायचा. मला गल्लीने टीचरबेन नाव दिलं ते तेव्हाच.

त्यांच्या बोलण्यात घरी अहिराणी, भाजीवाल्याशी गुजराती, आणि माझ्याशी दोन्हीच्या मधलं काहीतरी. इथे मी ते बहुतेक माझ्या मराठीत उतरवते आहे.

त्या कशा होत्या ते एका गोष्टीवरून सांगते. खोलीचा मालक एकदा म्हणाला, वासाने त्रास होतो, माझ्या खोलीत मासे शिजवायचे नाहीत. उषाबाई बरं म्हणाल्या. शुक्रवारी, म्हणजे त्यांच्या माशाच्या वारी, त्यांनी स्टोव्ह उचलला, गल्लीच्या ऐन मध्यावर ठेवला आणि तिथे पातेलं चढवलं. मालक स्कूटर घेऊन निघाला, तर वाट नाही.

"उषाबेन, स्कूटर काढवुं छे."

"काढा ना. जरा वाटण शिजू द्या."

"पण मी कामाला निघालोय!"

"तुमच्या खोलीत नाही शिजवत मी. तुमचं ऐकलं ना?"

मालकाने अर्धा तास स्कूटरवर बसून वाटणाचा वास घेतला. पुढच्या शुक्रवारपासून स्टोव्ह परत खोलीत. ही बाई कधी कोणाला दबेल असं मला वाटलं नव्हतं. एकदाच दबली, आणि त्या दिवशी ती नवव्या मजल्यावर होती.

योगेंद्र हुशार निघाला. एम्ब्रॉयडरीची मशीनं टाकली, आधी दोन, मग कडोदऱ्याला शेड. पालला, नदीपलीकडे, पाण्यासमोरच्या उंच बिल्डिंगमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथे सोसायटीचा नियम आहे, मांस-मासे आणायचे नाहीत, शिजवायचे नाहीत. आईवडिलांना त्याने तिकडे नेलं. बाल्कनीतून तापी दिसते. निंबाभाऊ खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसायचे. राहायला जाऊन दोन महिने झाले नाहीत तोच ते गेले. त्याला आता सहा वर्षं झाली.

उषाबाईंच्या लोकांत एक रीत आहे. सगळीकडे तशीच आहे की त्यांच्याच गावात, मला माहीत नाही. माणूस गेला की घरात मासा बंद होतो. तेराव्यानंतर बाईच्या माहेरचं माणूस मासा घेऊन येतं, तिच्या खांद्यावर नवं लुगडं घालतं आणि चार लोकांदेखत पहिला घास तिला भरवतं. ज्या लेकाने बापाला अग्नी दिला तो पंगतीत बसलेला असावा लागतो. तो नसेल तर घास भरवता येत नाही. एवढं झालं की दुखवटा निघाला. बाई पुन्हा माणसांत आली. नाही झालं तर ती दुखवट्यातच राहते. दुसऱ्याच्या शुभकार्याला हात लावत नाही आणि तोंडाला मासा लावत नाही.

तर चौदाव्या दिवशी उषाबाईंचा धाकटा भाऊ दगा गावाहून आला. रात्रभर एसटीत बसून, मांडीवर टोपली, टोपलीत बर्फ आणि तापीचा मासा. काखेत लुगडं. बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनने टोपलीवरचं फडकं उचललं आणि म्हणाला, "मच्छी अंदर नहीं जाएगी." सेक्रेटरी खाली आला. मग योगेंद्र खाली आला. मी तेव्हा नेमकी भेटायला चालले होते, गेटाशीच होते, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"मामा, इथे नाही चालत."

दगाभाऊंना आधी ती थट्टा वाटली. ते हसले. मग भाच्याचं तोंड बघून त्यांनी फडकं परत नीट खोचलं.

"मंग हाई मी कथा लई जाऊ?"

मग हे मी कुठे नेऊ, एवढंच त्यांनी विचारलं. दगाभाऊ लुगडं माझ्या हातात देऊन वळले. नंतर कळलं, पुलावर थांबून त्यांनी सगळा मासा तापीत सोडला आणि दुपारच्या गाडीने गावी गेले. वर उषाबाईंनी पान मांडलं होतं. मी वर जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी पान उचललं, पुसून ठेवलं, आणि संध्याकाळी वरणभात खाल्ला. लुगडं घेतलं नाही. "ज्याने आणलं तो घालेल," म्हणाल्या. ते माझ्या कपाटात राहिलं.

दगाभाऊ पुन्हा सुरतेला आले नाहीत. दोन वर्षांपूर्वी वारले. माहेरचं म्हणावं असं दुसरं कोणी नव्हतं.

सहा वर्षांत उषाबाई माझ्या घरी कितीदा आल्या, पण माझ्याकडे कोळंबी शिजत असेल तर बाहेर पायरीवर बसायच्या. मी म्हणायची, इथे कुठे नियम आहे? त्या म्हणायच्या, नियम इथे नाही, माझ्यात आहे.

आता योगेंद्रच्या मुलीचं, धनश्रीचं लग्न ठरलं आहे, पुढच्या महिन्यात. हळद घरीच जात्यावर दळायची असं धनश्रीने हौसेने ठरवलं, आणि त्यांच्यात जात्यात पहिली मूठ आजीने टाकायची असते. उषाबाईंनी सांगून टाकलं, माझा दुखवटा निघालेला नाही, मी जात्याला हात लावणार नाही. पोरगी रडली. योगेंद्र म्हणाला, गुरुजींना विचारलं, हल्ली असलं काही नसतं.

"गुरुजींचा नवरा मेलाय का?" उषाबाई म्हणाल्या.

गेल्या रविवारी त्या माझ्याकडे आल्या त्या गुजराती पेपरच्या पानाची घडी घेऊन. पान टेबलावर पसरलं. जाहिरात होती. डुमस रोडवर नवं हॉटेल, इटालियन-अमेरिकन सीफूड. फोटोत पसरट मोठा वाडगा, त्यात लाल रस्सा आणि रश्श्यातून वर आलेले खेकड्याचे पाय.

"हे वाचून सांगा, टीचरबेन. रस्सा आपल्यासारखा दिसतो."

"टोमॅटोचा आहे."

"असू दे. खेकडा तर खेकडाच ना? का तोही इटलीचा?"

मी सांगितलं की खेकडा इथलाच असणार, पद्धत तिकडची. इटलीचे कोळी अमेरिकेत पोट भरायला गेले, दिवसाच्या शेवटी जाळ्यात जे उरेल ते सगळं एका पातेल्यात टाकून शिजवायचे, त्याचा हा पदार्थ. नाव चोपिनो.

"म्हणजे गाव सोडलं आणि रस्सा बरोबर नेला."

"तसंच."

"मग चालेल."

कशाला चालेल ते माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी म्हटलं, मग हॉटेल कशाला, माझ्या घरी करू, मी खिडक्या लावून घेते.

"खिडक्या लावायच्या असतील तर नकोच. मी काय चोर शे का? चार माणसांत खाईन."

"आणि माहेरचं कोण?"

"तुम्ही."

"उषाबाई, मी भोई नाही."

"ते मला माहीत नाही का? भुसावळ कोणत्या नदीवर?"

"तापीवर."

"लहानपणी जायचात ना नदीवर?"

"सिस्टर जाऊ देत नसत. तरी जायचो."

"मग झालं तर. तुमच्या घाटावरचं पाणी आमच्या घाटावर यायचं. तुम्ही वरच्या अंगाच्या. मोठी बहीण."

मी विचारलं, "आणि योगेंद्र? त्याच्याशिवाय निघत नाही ना?"

"त्याला जेवण समोर आल्यावर बोलवायचं. आधी सांगितलं तर तो मिटिंग काढतो."

"आणि नाही आला तर?"

"तर मी न जेवता उठेन, आणि हळद त्यांची त्यांनी दळावी."

आज अकरा-साडेअकराला त्या आल्या त्या जांभळी जरीची साडी नेसून, जी निंबाभाऊंनी कामावरून पहिल्या बोनसला आणली होती. मी कपाटातलं दगाभाऊंचं लुगडं पिशवीत घेतलं.

हॉटेल मोठं आहे. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतीवर होड्यांचे जुने फोटो. मालक सुरतीच, न्यू जर्सीत बरीच वर्षं काढून आलेला. मेनूत खेकडा आहे, शिंपल्या आहेत, आणि शेवटच्या पानावर जैन पास्ताही आहे. आम्हाला आत कोपऱ्यात बसवत होते. उषाबाई रस्त्याकडच्या काचेजवळच्या टेबलावर जाऊन बसल्या.

ऑर्डर घ्यायला एक तरुण मुलगी आली, चैताली. आधी गुजरातीत बोलली, मग आमचं आपसातलं ऐकून मराठीत आली.

"आजी, कुठून आलात?"

"उधना. तू?"

"पांडेसरा. माझे बाबा प्रोसेस हाऊसला होते."

"कोणत्या खात्यात?"

"जेट मशीनवर."

"आमचेही रंगखात्यात होते," उषाबाई म्हणाल्या, आणि त्यानंतर ती मुलगी आमच्याच टेबलाभोवती राहिली. तिने विचारून घेतलं, तिखट किती, शिंपल्या चालतील का. मी विचारलं, यात वाइन घालतात ना? ती हसली. "मॅडम, गुजरातमध्ये कुठून? आम्ही पांढऱ्या द्राक्षांचा रस आणि व्हिनेगर घालतो." चोपिनोचा मोठा वाडगा आणि लसणातली कोळंबी सांगितली. मग तिने दोन कागदी कापडं आणली, दोरीची, छातीवर लाल खेकडा छापलेला, आणि आमच्या गळ्यात बांधायला लागली.

"हे काय? लाळेरं?"

"खेकडा फोडताना उडतं, आजी."

उषाबाईंनी मान खाली घालून छातीवरच्या खेकड्याकडे बघितलं. "दगाच्या लुगड्यावर खेकडा नव्हता," म्हणाल्या.

वाडगा आला तेव्हा आधी वास आला. लसूण, टोमॅटो, आणि खाली समुद्राचा खारट दर्प. चांगला न्हाणीतल्या घंगाळाच्या तोंडाएवढा वाडगा, त्यात काळ्या शिंपल्या तोंड उघडून बसलेल्या, कोळंब्या, माशाचे पांढरे तुकडे, आणि सगळ्यांच्या वर अख्खा खेकडा. बाजूला जाड सालीचा भाजलेला पाव. मला भूक लागली होती. उषाबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते.

"आता फोटो काढ आमचा," त्या चैतालीला म्हणाल्या. "जेवण दिसू दे. टीचरबेन, योगेंद्रला पाठवा. लिहा, दुखवटा काढते आहे. ये."

मी तेवढेच शब्द लिहिले आणि हॉटेलचं नाव. लगेच त्याचा फोन आला.

"उचलू नका."

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. त्याचं ऑफिस उधन्याला आहे; गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता, ट्रॅफिक नसेल तर. वाफ हळूहळू कमी झाली. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब पास्त्यावर वरून चीज मागत होतं, त्यांचं झालं, ते उठून गेले. चैताली येऊन म्हणाली, "आजी, आवडलं नाही का?"

"पाहुणा यायचा आहे."

"थंड होतंय, उषाबाई," मी म्हटलं.

"सहा वर्षं थंडच आहे."

चैतालीने वाडगा आत नेऊन पुन्हा गरम करून आणला. तो टेकतो आहे तोच दार ढकलून योगेंद्र आला. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. आईकडे बघून तो मध्येच थबकला.

"आई, हे काय घातलंयस?"

"लाळेरं. बस."

"गाडी दारात आहे. चल."

"बस आधी."

"टीचर, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी आज माहेरची आहे," मी म्हटलं. "मला मध्ये घेऊ नकोस."

तेव्हा त्याची नजर माझ्या पिशवीवर गेली. ते लुगडं त्याने गेटवर बघितलं होतं. आवाज एकदम खाली आला.

"लग्नाला महिना राहिला नाही, आई. व्याही किती कडक आहेत तुला माहीत आहे. बिल्डिंगमधलं कोणी इथे असलं तर?"

"असलं तर खायलाच आलं असेल."

मागे चैतालीने तोंडावर ट्रे धरला.

"हे घरात नाही का करता येत? काहीतरी गोडाधोडाचं करू, मी बसतो."

"घरात? दगाला कोणत्या घरात घेतलंस?"

योगेंद्रने फोन टेबलावर पालथे ठेवले. "मी नवा होतो तिथे. कागद व्हायचे होते. सेक्रेटरी समोर उभा. काय करणार होतो मी?"

"आत घेणार होतास. नाहीतर टोपलीबरोबर बाहेर जाणार होतास."

उषाबाईंचा आवाज चढला नव्हता. धागा कापताना बोलायच्या तशाच बोलत होत्या, नजर हातावर.

"खा म्हणत नाही मी तुला. बस म्हणते. बापाला अग्नी तू दिलास, तुझ्यावाचून निघत नाही."

"आणि नाही बसलो तर?"

"तर मी हात धुऊन तुझ्याबरोबर येते. तू म्हणशील तिथे गप्प बसते. जात्याला हात लावत नाही. आणि व्याह्यांनी विचारलं, आजी लांब का, तर सांगेन, या घरात सहा वर्षं दुखवटा आहे, तुम्ही दुखवट्यातली पोरगी नेताय."

"धमकी देतेस मला?"

"हो."

हा शब्द त्यांनी अगदी सरळ उच्चारला. योगेंद्र उभाच होता. बाहेर त्याच्या गाडीमागे कोणी हॉर्न वाजवत होतं. मी त्याला लहानपणापासून ओळखते. चूक कबूल करायची वेळ आली की तो उजवा कान चोळतो. आता त्याने कान चोळला. मग खुर्ची ओढली.

"पाच मिनिटं."

तो बसला. इतर कोणत्याही गिऱ्हाइकाला बांधावं तसं चैतालीने मागून येऊन त्याच्याही गळ्यात खेकडा बांधला. त्याने काढायला हात वर नेला.

"राहू दे," उषाबाई म्हणाल्या. "शर्ट पांढरा आहे."

मग मी उठले. पिशवीतलं लुगडं काढलं, हिरवं, तांबड्या काठाचं. इतकी वर्षं घडीत राहून घडीच्या रेषा पडलेल्या. ते उषाबाईंच्या खांद्यांवर घातलं, जांभळ्या साडीवरून आणि लाळेऱ्यावरून. माशाचा एक तुकडा घेतला, काटा नाही ना ते चाचपलं, रश्श्यात बुडवला.

"नाव कोणाचं घ्यायचं?"

"दगाचं."

"दगाभाऊंच्या घरचा," मी म्हटलं आणि घास त्यांच्या तोंडात घातला.

त्या बराच वेळ चावत राहिल्या. योगेंद्र बघत होता, चैताली बघत होती, काउंटरवरचा मालकही मान लांब करून बघत होता.

"मीठ कमी आहे," उषाबाई म्हणाल्या, आणि वाडगा स्वतःकडे ओढला.

त्यानंतर आम्ही जेवलो, आणि ते जेवण मला सगळंच्या सगळं लिहावंसं वाटतं. चैतालीने मीठ आणलं, मिरचीचा चुरा आणला. उषाबाईंनी चुऱ्याची वाटी अर्धी रिकामी केली. खेकडा फोडायला अडकित्त्यासारखं काहीतरी दिलं होतं. "पुढचे दात माझे आहेत, मागचे डॉक्टरचे," म्हणून त्यांनी ते घेतलं, आणि पहिलाच पाय असा फोडला की कवचाचा तुकडा योगेंद्रच्या छातीवरच्या खेकड्यावर जाऊन बसला. पण त्या नदीच्या बाई; समुद्राचं सगळं त्यांना ओळखीचं नव्हतं. माकुळाचं कडं उचलून त्यांनी दोन बोटांत ताणलं.

"हे मशीनचं रबर आहे का?"

"माकूळ आहे, आजी. समुद्रातला."

"शिजला नाही."

"तो असाच असतो."

"मग त्याला तिकडेच राहू द्यायचा होता." तरी खाल्ला. नंतर आणखी एक शोधून खाल्ला. शिंपल्या उलट्या करून त्यातला रस्सा ओढून प्यायल्या आणि रिकाम्या टरफलांची ताटाच्या कडेला ओळ लावली. मी कोळंबी संपवली. लसूण करकरीत तळलेला, लोणी भरपूर, आणि एकही कोळंबी जास्त शिजलेली नाही. पाव रश्श्यात भिजवून खायचा असतो असं चैतालीने दाखवलं, तेव्हा योगेंद्रने एक तुकडा तोडला.

"पाव चांगला आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"रस्साही चांगला आहे," उषाबाई म्हणाल्या.

"मी फक्त पाव खातोय."

"हो. ओला."

त्याने मान खाली घातली, पण हसू लपलं नाही. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. आणखी पाव मागवला तो त्यानेच.

रस्सा आणि थोडा मासा उरला. उषाबाईंनी तो डब्यात बांधून घेतला. योगेंद्रला वाटलं, डबा टीचरसाठी. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "आधी पाल. मग टीचरबेनला सोडू." डबा त्यांच्या मांडीवर, त्याच्यावर दोन्ही हात. पुलावर आलो तेव्हा उन्हात नदी चकाकत होती.

बिल्डिंगच्या गेटाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि उतरून चालत निघाल्या. खांद्यावर हिरवं लुगडं, हातात पारदर्शक पिशवीत तो डबा. वॉचमन तोच आहे, आता केस पिकले आहेत.

"दादी, इसमें क्या है?"

"मच्छी."

तो हसायला गेला. मग पिशवीकडे बघितलं आणि हसू थांबलं. "मच्छी अंदर नहीं..." म्हणत त्याने गाडीकडे बघितलं, योगेंद्रकडे.

योगेंद्रचे हात स्टिअरिंगवर होते. त्याने काच खाली केली. मला वाटलं, आता हा आईला गाडीत बोलावणार.

"जाने दो," तो म्हणाला. "सेक्रेटरी को बोलना, मैंने बोला."

उषाबाई आत गेल्या. बागेच्या बाकांवर बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोरून गेल्या. त्यांना कोणी काही विचारलं, त्यांनी पिशवी वर करून दाखवली. लिफ्टच्या दारापर्यंत गेल्या, दाराला हात लावला, आणि वळून तशाच सावकाश चालत परत गाडीशी आल्या. पिशवी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली.

"हे काय?" मी म्हटलं. "वर नाही नेणार?"

"आत नेऊन आणली. दगाची टोपली राहिली होती." मग जरा दम खाऊन, "वर मायक्रोवेव्हला वास लागला तर सून मलाच घासायला लावेल. तुमच्याकडे ठेवा. शुक्रवारी येते, आणि आता दर शुक्रवारी. मीठ बघून घाला. आणि हळदीला तुम्ही यायचं, माहेरचं माणूस लागतं."

"शुक्रवारी उधन्याला सोडणार कोण?" योगेंद्र म्हणाला.

"तू," असं म्हणून त्या गेटातून आत गेल्या. वॉचमन उठून उभा राहिला होता.

घरी येऊन पाय शेकले, मग रोजनिशी पुन्हा उघडली आणि खाली एक ओळ घातली: फ्रीजमधले बर्फाचे दोन्ही साचे काढले आणि तिथे उषाबाईंचा डबा ठेवला, बर्फ आता शुक्रवारनंतर.